सख्ख्या भावाला लेखी सूचना

अमरावती, ता. २८ एप्रिल १९३७

चि. मोरोपंत यास माणिकचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. खालचा मजकूर वाचून ते ठेवून घ्यायचे की परत करायचे ते तू ठरव.

तुझ्या सातपुडा अग्निविमा कंपनीचे नागपूरहून काल पत्र आले. इंग्रजीत आहे, आणि इंग्रजी वाईट आहे, पण अर्थ लागतो. माझ्या घराचा विमा होता हे त्यांना मान्य आहे. हप्ते वेळेवर भरले होते हे मान्य आहे. होळीच्या चार दिवस आधी घराला आग लागली हेही मान्य आहे. ती कशाने लागली ते त्यांच्या माणसाने राखेत काठी घालून शोधून काढले आहे. माडीचे काम चालू होते, चंद्रभान सुताराने सरस शिजवायला शेगडी पेटवली होती, ती वाऱ्याने कलंडली, रंध्याचे छिलके पेटले, त्यावरून बांबूंची परांची पेटली आणि मग आढे. सगळे अक्षरशः खरे आहे. नंतर नववे कलम येते. घरात बांधकाम किंवा दुरुस्ती चालू असल्याचे कंपनीला आगाऊ कळवले नसेल तर तेवढ्या काळापुरता विमा स्थगित. सबब कंपनी काही देऊ शकत नाही आणि तिला खेद होतो. खेद शेवटच्या ओळीत आहे, सहीच्या अगदी वर, जागा उरली म्हणून घातल्यासारखा.

कंपनीला कळवले नाही. मोरोपंत, अकोल्यात कंपनी म्हणजे कोण? ताजनापेठेत कोणाच्या दारावर तिची पितळी पाटी आहे? हा विमा मला कोणी उतरवायला लावला?

तुझी आठवण वयाच्या पुढे धावत असेल म्हणून सांगते. फाल्गुनात तुझ्या अनुपमेचा साखरपुडा माझ्या घरी झाला, कारण बडनेऱ्याच्या त्या मुलाच्या आजीला अकोल्याचा प्रवास झेपत नव्हता. तू, सिंधू आणि अनुपमा दोन दिवस आधी आलात. माडीचे काम अर्धे झाले होते. तू परांचीवर चढलास, बांबू हलवून पाहिलेस, चंद्रभानला तुळईचे लाकूड हलके आहे म्हणून सुनावलेस. जेवताना मी विचारले की कंपनीला पत्र टाकू का. तू म्हणालास, "अक्का, सख्ख्या भावाला कोणी नोटीस देतं का? मी पाहिलं म्हणजे कंपनीनं पाहिलं." आणि बासुंदीची वाटी पुढे केलीस.

आता माझे निम्मे घर काळे आहे. स्वयंपाकघरावरचे कवेलूंचे छप्पर तेवढे शाबूत आहे, त्याखाली मी आणि पार्बताबाई राहतो. मृग महिन्यावर आला. परवा भातकुलीचे किसनराव काकड्यांची टोपली घेऊन आले आणि आपल्या मुलीची, शालूची, जागा पक्की ना, असे विचारून गेले. माडी मी माझ्यासाठी बांधत नव्हते हे तुला ठाऊक आहे. खेड्यातल्या चार मुलींनी तिथे राहून हायस्कुलात जावे म्हणून ती होती. शाळा जुलैत उघडते. मी किसनरावांना जागा पक्की असल्याचे सांगितले आहे.

ते खरे करणे तुझ्या हातात आहे. कंपनीला एक ओळ लिही: काम चालू असल्याचे मी स्वतः पाहिले होते व मला तोंडी कळवण्यात आले होते. लिहायला शाई लागेल तेवढीच.

माणिक

अकोला, ता. २ मे १९३७

तीर्थस्वरूप अक्कास मोरोपंताचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आपले पत्र पावले. आपल्यावर ओढवलेल्या प्रसंगाचे आम्हां सर्वांस दुःख आहे. तथापि व्यवहार आणि नाते यांची गल्लत करू नये, असे आपणच मला लहानपणी शिकवले आहे. कंपनी नियमांनी चालते. नववे कलम मी केलेले नाही.

आपण लिहिता की फाल्गुनात मी अमरावतीस आलो होतो. माझ्या आठवणीप्रमाणे तो सबंध महिना मी अकोल्यातच होतो. मला ताप होता. कंपनीने याविषयी मजकडे विचारणा केली असता मी तसेच लेखी कळवले आहे. आगीच्या धक्क्याने मनुष्याच्या मनात दिवस आणि प्रसंग यांचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे, आणि आपले वय पाहता त्यात वावगे काही नाही.

माझे ऐकाल तर माडीचा नाद सोडावा. माळ्याकुणब्यांच्या मुलींसाठी आपण या वयात चुना-मातीत उभे राहावे याचे इकडे लोकांना नवल वाटते. अकोल्यास येऊन राहावे. मागची खोली रिकामी आहे.

कळावे. यापुढे जे काही लिहाल ते कृपया बंद लिफाफ्यात लिहावे.

आपला आज्ञाधारक
मोरोपंत

अमरावती, ता. ४ मे १९३७

चि. मोरोपंत यास आशीर्वाद. हे मुद्दाम कार्डावर लिहिते.

तू तापाने अंथरुणावर होतास तर माझ्या दारावर आंब्याचे तोरण बांधायला शिडीवर कोण चढले होते? मी पार्बताबाईला तुझे पत्र वाचून दाखवले. ती भांडी घासत होती. म्हणाली, "भाऊसायेबाले ताप होता तं मंग बासुंदीचं पातेलं कोनं पुसून खाल्लं? माह्या सुनेले बी नाई उरली."

माझ्या तक्रारीवरून नागपूरचा इन्स्पेक्टर वीस तारखेला घर पाहायला येणार आहे. त्या दिवशी जेवलेल्या प्रत्येकाचे नाव मी त्याला सांगेन. पार्बताबाई पातेलेही दाखवेल.

माणिक

अकोला, ता. ८ मे १९३७ (रजिस्टर)

तीर्थस्वरूप अक्कास साष्टांग नमस्कार वि. वि.

आपले कार्ड पोस्टमनने आमच्या ओट्यावर उभे राहून वाचले. शेजारच्या वकिलांच्या कारकुनाने ऐकले. बासुंदीविषयी आज कचेरीत मला दोघांनी विचारले. आपल्या मनासारखे झाले असेल.

आता जे लिहितो ते मला लिहायचे नव्हते. आपण समजून घ्याल अशी आशा होती. आपण शाळा तपासल्या, मुली शिकवल्या, पण घरात लग्नाची मुलगी असणे म्हणजे काय ते आपल्याला कधी समजले नाही.

आगीनंतर बडनेऱ्याच्या लोकांनी साखर परत पाठवली, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांनी काय निरोप पाठवला ते मी आपल्याला कळवले नव्हते. मुलाची आजी म्हणाली की मुलीने नव्या बांधकामाचा उंबरठा ओलांडला आणि आठवड्यात घर पेटले. असा पायगुण आमच्या घरात नको. हे त्यांनी चार ठिकाणी सांगितले. त्यानंतर वाशीम आणि मूर्तिजापूरहून अनुपमेच्या पत्रिका न बोलता परत आल्या.

खामगावचे स्थळ आले ते देवाने दिले. मुलगा रविकांत, वकिली करतो. वडिलांचे कापसाचे दोन जिन आहेत. मुलगी त्यांनी पाहिली, पसंत पडली, ज्येष्ठात मुहूर्त आहे. त्यांनी सरळ विचारले की यापूर्वी कुठे बोलणे झाले होते का. मी नाही म्हणालो. कोणताही बाप हेच म्हणाला असता.

आपल्या इन्स्पेक्टरची सासुरवाडी खामगावची आहे. मी फाल्गुनात अमरावतीस होतो असे मी लिहिले, की तो विचारणार, कशासाठी? आणि मग ते उत्तर त्याच्याआधी खामगावास पोचेल. मी साखरपुड्याला आलोच नाही, कारण साखरपुडा झालाच नाही. हे असे आहे, अक्का. आपल्या सुताराची शेगडी कलंडली त्याची शिक्षा माझ्या मुलीने भोगावी काय?

टिनाचे पत्रे मी माझ्या पदरचे पाठवतो. स्वयंपाकघर आणि देवघर निवाऱ्याचे होईल एवढे. घर पुन्हा बांधता येते. मुलीचे नाव पुन्हा बांधता येत नाही.

पत्र वाचून जाळावे.

मोरोपंत

अमरावती, ता. १२ मे १९३७

चि. मोरोपंत यास आशीर्वाद.

पत्र जाळले नाही. माझ्या घरात जेवढे जळायचे होते तेवढे जळून झाले.

शेवटी खरे लिहिलेस, आणि तेही चोराने मागल्या दाराने यावे तसे, रजिस्टर करून. मला वाटत होते तू कमिशनसाठी कंपनीची तळी उचलतो आहेस. तसे असते तर मी तुला लोभी म्हटले असते आणि विसरले असते. पण हे लोभापेक्षा वाईट आहे.

जरा विचार कर. आगीचे कारण कंपनीने शोधले, तिला ते शेगडीत सापडले. चंद्रभानला विचार, तो कान धरून सांगेल. पार्बताबाईला विचार. ज्या कंपनीला मला काही न देण्याचे निमित्त हवे होते, तिलासुद्धा तुझ्या मुलीचे पाय सुचले नाहीत. बडनेऱ्याच्या एका म्हातारीला ते सुचले, आणि तिच्यानंतर ते ज्याने खरे धरले तो माणूस तू आहेस. तू लपवतो आहेस म्हणजे तू मानतो आहेस. मुलीने गुन्हा केला असता तर तिचा बाप असाच गप्प बसला असता.

कॉन्व्हेंटात आमच्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. काचेचे भांडे फुटले की त्या आधी विचारायच्या, कोणी फोडले. कोणी बोलले नाही की ज्या मुलीचा चेहरा सर्वांत जास्त घाबरलेला असे तिला शिक्षा. निम्म्या वेळी तिने फोडलेले नसायचे. तू अनुपमेला तो चेहरा घालायला शिकवतो आहेस. खामगावच्या घरात कधी दूध नासले, कधी बैल मेला, की ती आपल्या पायांकडे पाहील.

तरीही ऐक. इन्स्पेक्टर आला की मी तुझे नाव काढणार नाही, आणि जेवलेल्यांचीही नाही. हे तुझ्यासाठी नाही. त्याने विचारलेच तर मी खोटेही बोलणार नाही, कारण ते मला जमत नाही, आणि या वयात शिकायचे तर तुझ्याकडून शिकायचे नाही. काय बोलायचे ते मी पाहीन.

एकच विचारते. अनुपमेला हे माहीत आहे का? तिच्या नावाने तू जे बोललास ते तिला सांगितलेस का? ती एकोणीस वर्षांची आहे, मॅट्रिक झाली आहे. तिला जीभ आहे. निदान माझ्या घरी आली तेव्हा होती.

टिन पाठवू नकोस. भावाची ओवाळणी मी भाऊबीजेला घेते. आगीला घेत नाही.

माणिक

अकोला, ता. १६ मे १९३७

तीर्थस्वरूप आत्याबाईस अनुपमेचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी शकुनकडे देऊन टपालात टाकायला सांगते आहे, म्हणजे शेजारच्या वकिलांच्या मुलीकडे. घरात कोणाला माहीत नाही.

तुमची पत्रे बाबा माजघरात आईला मोठ्याने वाचून दाखवतात आणि मध्ये मध्ये गाळतात. गाळताना ते खाकरतात. मी दाराआड बसून खाकरण्याच्या जागा लक्षात ठेवते आणि ते कचेरीत गेले की तेवढे वाचते. परवाचे पत्र वाचताना बाबा इतके खाकरले की आई उठून गुळाचे पाणी घेऊन आली.

तुम्ही विचारले म्हणून सांगते. मला माहीत आहे. खामगावच्या मंडळींसमोर बाबा नाही म्हणाले तेव्हा मी तिथेच बसले होते. साखरपुड्याची जरीची साडी आईने ट्रंकेत सगळ्यांत खाली घातली आहे. मी अमरावतीचे नाव काढले की आई माझ्या पायावर पाय देते. बडनेऱ्याच्या आजींचा निरोप मला कोणी सांगितला नव्हता, पण मागच्या आठवड्यात चूल पेटवायला मी पुढे झाले तर आई म्हणाली, "राहू दे, मी पेटवते." त्यावरून समजले.

आत्याबाई, तुम्हाला वाटेल की मला हे लग्न नको असेल. तसे नाही. मला हवे आहे. ते पाहायला आले तेव्हा बाकीच्यांनी शिवणटिपण विचारले, रविकांतांनी विचारले की इतके ऊन असताना तुम्ही दुपारी काय करता. मी म्हटले, भांडते. ते हसले. त्यांच्याबरोबरची पन्नास वर्षे मला पायावर पाय देऊन घेत काढायची नाहीत.

म्हणून एक मागते. कंपनीचे ते पत्र, ज्यात आगीचे कारण लिहिले आहे, ते मला पाठवा. बाबा बोलले तर तो बापाचा शब्द, तुम्ही बोललात तर तो आत्याचा. कंपनीला माझे काही देणेघेणे नाही. तिच्या शिक्क्याखाली शेगडी लिहिली असेल तर ती शेगडीच.

ते मी खामगावास पाठवणार आहे. सोबत माझे पत्र जोडेन की साखरपुडा झाला होता, का मोडला, आणि आग कशाने लागली. नंतर त्यांना काय करायचे ते करू देत.

पत्र शकुनच्या पत्त्यावर पाठवावे. लिफाफ्यात.

तुमची
अनुपमा

अमरावती, ता. २१ मे १९३७

चि. अनुपमा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे अक्षर अजून डावीकडे कलते. सरळ लिहायला लाग, विशेषतः असली पत्रे.

तुला लगेच उत्तर लिहिले नाही, कारण काल इन्स्पेक्टर यायचा होता. तो आला. तरुण माणूस आहे, पायात काळे बूट, राखेत घालायला जिवावर येत होते. पार्बताबाई त्याला म्हणाली, "साहेब, बूट काहाडून या ना, राख काई तुमाले चावत नाई." सगळे पाहून झाल्यावर त्याने विचारले, काम चालू असताना कंपनीच्या कोणी माणसाने ते पाहिले होते का? तसे असेल तर कंपनी कळवल्यासारखेच धरते. प्रश्न अगदी सरळ होता. उत्तर माझ्या जिभेवर बसले होते. मी म्हटले, "ते माझ्या भावाला विचारा." तो म्हणाला, त्यांना विचारले आहे, ते म्हणतात ते आले नव्हते. मी म्हटले, मग माझ्याकडे दुसरे उत्तर नाही. त्याने टाचण केले आणि प्रकरण बंद झाल्याचे सांगितले. जाताना खेद व्यक्त केला. ते लोक खेद पिशवीत घेऊनच फिरतात.

तेव्हा माझे जे व्हायचे होते ते झाले आहे. तुझ्या पत्रामुळे माझे काही सुधारेल या आशेने मी तुला कागद पाठवते आहे, असे मनात आणू नकोस, आणि माझ्यावर उपकार म्हणून तू काही करू नकोस. काल तुझे पत्र माझ्यापाशी होते. इन्स्पेक्टरसमोर बोलले असते तर तुझ्याआधी मी खामगावास पोचले असते. तो हक्क तुझा आहे.

कंपनीचे पत्र सोबत आहे. दुसऱ्या पानावर तिसरा परिच्छेद. इंग्रजी वाईट आहे हे तुझ्या वकिलाला आधी सांग, नाहीतर ते मी लिहिले आहे असे वाटेल.

लग्न मोडले तर मला दोष देऊ नकोस. मोडले नाही तर श्रेयही देऊ नकोस. काल किसनरावांना निरोप पाठवला की शालूसाठी दुसरीकडे पाहा. हे पत्र त्याच्यानंतर लिहिते आहे, म्हणून त्यात गोडवा कमी असेल.

तुझी
आत्या

अकोला, ता. ३१ मे १९३७

ती. अक्कास नमस्कार.

आपण हे करवलेत. नाही म्हणू नका. मुलगी माझी, पण भाषा आपली आहे. "मी हे कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही" असे तिने खामगावास लिहिले होते, आणि आमच्या घराण्यात असले वाक्य आपल्याखेरीज कोणी लिहीत नाही.

काय झाले ते आपल्याला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे. रविकांतचे वडील चार दिवसांपूर्वी न कळवता अकोल्यास आले. मी त्यांना गादीवर बसवले. त्यांनी चहाला हात लावला नाही. खिशातून कंपनीचे पत्र काढले आणि तो परिच्छेद वाचला. मग पुन्हा वाचला. मग म्हणाले, "आगीचं कारण कंपनी शेगडी म्हणते. तुमच्या मुलीला दोन महिने काय वाटत असेल, मोरोपंत?"  मग त्यांनी विचारले, फाल्गुनात तुम्ही कुठे होता?

मी तापाचे सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात दारातून सिंधू म्हणाली, "अमरावतीला. बासुंदी मीच केली होती." पंचवीस वर्षांत ती परक्या पुरुषासमोर बोललेली नाही. कोणाचे पाहून बोलली ते मी लिहीत नाही.

त्यांनी कंपनीचे पत्र घडी करून खिशात ठेवले. नंतर म्हणाले की लग्न ठरल्या दिवशी होईल. रविकांत म्हणतो, मुलीने स्वतः लिहिले त्या दिवशीच त्याच्यापुरते लग्न लागले. मात्र बापाने स्वतःच्या बहिणीचे घर बुडवून पाठवलेली सून त्यांना आणायची नाही. आधी मी कंपनीला खरे काय ते लिहावे, आणि ते गेल्याची पोस्टाची पावती त्यांना दाखवावी. मी त्यांच्यादेखत लिहिले. अमरावतीस गेल्याचे विस्मरण झाले होते, असे लिहिले आहे. नागपूरचे उत्तरही आज आले. ते आपले प्रकरण पुन्हा उघडत आहेत, आणि माझी एजन्सी तूर्त थांबवत आहेत.

निघताना ते जिनच्या विम्याविषयी बोलले. तो माझ्याकडून उतरवण्याचा चैत्रात त्यांनी मला शब्द दिला होता. म्हणाले, "मुलगी आम्ही घेतो. विमा दुसरीकडे काढू. ज्याला स्वतः कुठे होतो ते आठवत नाही, त्याच्या भरवशावर जिन कसा ठेवायचा?" मुलगी हे ऐकून हसली, अक्का. माझ्यासमोर.

आपले समाधान झाले असेल. लग्नपत्रिका वेगळी येईल. यावे असा माझा आग्रह नाही.

मोरोपंत

अमरावती, ता. ५ जून १९३७

चि. मोरोपंत यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. विस्मरण हा शब्द चांगला आहे. माझ्या वर्गातल्या मुली गृहपाठ न करता यायच्या तेव्हा त्यांनाही तोच होत असे. पण त्यांना निदान घाम फुटायचा.

मी करवले नाही. तुझ्या मुलीने कागद मागितला, मी दिला. यात माझा गुन्हा एवढाच की मी तो न खाकरता दिला. तुझी एजन्सी थांबली याचे मला दुःख आहे असे लिहावेसे वाटते, पण नागपूरच्या लोकांनी खेद इतका वापरला आहे की तो शब्द माझ्या हाताला लागत नाही. सिंधूला माझा निरोप दे की बासुंदी उत्तम झाली होती. तेव्हा सांगायचे राहिले, कारण पातेले तुझ्यापाशी होते.

कंपनीचे मला कालच पत्र आले. आगीचे नुकसान भरून देण्याचे मान्य आहे. पैसे यायला वेळ लागेल, मृग थांबणार नाही, म्हणून चंद्रभान उधारीवर कामाला लागला आहे. सरस तो आता अंगणातल्या विहिरीपाशी शिजवतो, आणि शेगडीवर पार्बताबाई नजर ठेवून बसते. काल त्याला म्हणत होती, "चंद्रभान, तुह्या शेगडीनं बाईचं घर जायलं अन् पोरीचं लगन जुयलं. आता फुकनी ठेव खाली." भातकुलीला पुन्हा निरोप धाडला आहे. किसनराव म्हणाले की शालूने दुसरीकडे पाहू दिलेच नव्हते.

आता कामाचे. तू यावे असा आग्रह नाही असे लिहिलेस. मला आग्रह लागत नाही. पण या वेळी तोंडी काही ठेवायचे नाही, म्हणून हे रजिस्टर करून पाठवते आहे आणि पोस्टाची पावती जपून ठेवणार आहे.

तुला याद्वारे लेखी कळवण्यात येते की खाली सही करणारी, वरमाईच्या नव्हे, वधूच्या आत्याच्या नात्याने, अनुपमेच्या लग्नाला आदल्या दिवशीच्या मेलने अकोल्यास येईल. सोबत पार्बताबाई असेल. मुलीला गृहप्रवेशाला उंबरठा ओलांडायचा असतो, तो ती खामगावास ओलांडेल. पण त्याआधी, लग्नाच्या सकाळी, तुझ्या घरची चूल तिने पेटवायची आहे. सिंधू नव्हे, मी नव्हे. ती. सगळ्या वऱ्हाडाचा चहा त्या चुलीवर होईल आणि तू तो सर्वांदेखत पिशील.

तसेच कळवण्यात येते की त्या दिवशी अमरावतीस माझ्या घरी माडीवर टिन ठोकण्याचे काम चालू असेल. बांधकाम चालू असल्याचे आगाऊ कळवले नव्हते असे पुढे कोणी म्हणू नये. तू आता एजंट नाहीस, तेव्हा ही सूचना नागपूरला वेगळी पाठवली आहे. तुला पाठवायचे कारण एवढेच की सख्ख्या भावाला नोटीस देतात हे तुला एकदा दिसावे.

पोचल्याची पावती सही करून परत पाठवावी.

माणिक